अल्बर्ट हॉवर्ड : पानाकडून मुळाकडे

कंपोस्ट खताच्या एका पद्धतीला जगभर आपल्या शहराच्या नावाने ओळखतात, हे इंदूरच्या किती जणांना माहीत आहे? ही इंदूर पद्धत देणाऱ्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांची ही थोडक्यात ओळख.

हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडमधल्या बिशप्स कॅसल या गावी, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. लंडन आणि केंब्रिजला शिकून ते बुरशीशास्त्राकडे वळले. १८९९ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोसला त्यांची नेमणूक झाली. तिथे उसाच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करताना एक गोष्ट त्यांना सलू लागली. शेतकऱ्याला उपाय सांगायचा, पण तो आधी स्वतः करून बघायला त्यांच्याकडे जमीनच नव्हती!

१९०५ मध्ये ते बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्याही केंब्रिजला शिकलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती तयार केल्या. इथे मात्र हॉवर्ड यांना सुमारे ७५ एकर जमीन मिळाली. औषध न फवारता आजूबाजूच्या शेतकऱ्यांचं पीक निरोगी कसं राहतं, हे ते बघत राहिले. त्या शेतकऱ्यांना आणि किडींनाही ते आपले गुरू मानू लागले.

१९२४ मध्ये इंदूरला नवी संस्था उभी राहिली. होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली. इथेच काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, अधूनमधून उलटवून, तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत ठरली. १९३१ साली त्यावर जे पुस्तक आलं, त्यावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड यांचं नाव आहे. हे नाव आपण विसरता कामा नये.

इंदूरला एकदा पावसाळ्यात शेताच्या एका भागात पाणी साचलं. हॉवर्ड यांनी त्या भागाचा नकाशा काढून ठेवला. नंतर तिथे हरभरा पेरला, तर अळी पडली ती नेमकी नकाशातल्या तेवढ्याच भागात. बाकीचा हरभरा वाचला. म्हणजे रोग-कीड वर दिसते, पण कारण खाली मातीत असू शकतं.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्या वर्षी हॉवर्ड इंग्लंडला परतले. मग त्यांचं लक्ष मायकोरायझाकडे गेलं. ही मुळांत राहणारी उपकारक बुरशी. ती आपले धागे दूरवर पसरवून झाडाला स्फुरद आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. कंपोस्ट घातलेल्या चहाच्या मुळांत ही बुरशी भरपूर दिसली, तेव्हा झाडाच्या रोगप्रतिकाराचं मूळ त्यांना इथेच सापडलं असं वाटलं. ज्या माणसाने बुरशीला शत्रू म्हणून अभ्यासलं, तोच आता तिला झाडाचा रक्षक म्हणू लागला. १९४० मध्ये आलेलं शेतीवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक त्यांनी गॅब्रिएल यांना अर्पण केलं.

अर्थात, त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. झाड ही बुरशी पचवून त्यातली प्रथिनं पानापर्यंत नेतं, असं ते मानत. ते टिकलं नाही. पण मुळांत ही बुरशी असली की टोमॅटोच्या पानांवरचा करपा कमी होतो, असं पुढे प्रयोगांत दिसलं. झाडाची स्वतःची संरक्षणयंत्रणा जणू आधीच सावध होते. हे सगळ्या रोगांना लागू नाही. तांबेरा, भुरी यांच्यासारख्या, जिवंत पेशींवर जगणाऱ्या बुरशींवर तिचा भरवसा देता येत नाही. कोबी-मोहरीच्या कुळात तर ही मैत्री सहसा होतच नाही.

हॉवर्ड २० ऑक्टोबर १९४७ रोजी वारले. आज कृषी केंद्रांवर मायकोरायझाची पाकिटं मिळतात. पण स्फुरदयुक्त खतांचा मारा केला, पुन्हा पुन्हा खोल नांगरट केली, की मातीत आधीपासून असलेली हीच बुरशी घटते. पाकीट घेण्याआधी तिला जगू दिलं पाहिजे. पानावर डाग दिसला की मूळही बघावं, ही हॉवर्ड यांची सवय म्हणूनच आजही उपयोगाची आहे.