सरवा वेचणारी रूथ



शूर स्त्री म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर घोडा आणि तलवार येते. आज जिची ओळख करून देतेय तिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तिचं नाव रूथ. यहुदी लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथात तिच्या नावाचं अवघ्या 4 अध्यायांचं पुस्तक आहे.

इस्राएलात राजे होण्याआधीचा तो काळ. बेथलेहेम गावात दुष्काळ पडला. अलीमलेख हा गृहस्थ पत्नी नामी आणि दोन मुलांना घेऊन मृत समुद्राच्या पूर्वेकडील मवाब देशात पोट भरायला गेला. तिथेच तो वारला. मुलांनी तिथल्याच अर्पा आणि रूथ या मुलींशी लग्नं केली. पण साधारण 10 वर्षांत दोन्ही मुलंही गेली. घरात उरल्या तीन विधवा.

गावाकडे पुन्हा पीक आल्याचं कळलं तेव्हा नामी परत निघाली. वाटेत तिने सुनांना माहेरी जायला सांगितलं. तरुण आहात, पुन्हा संसार मांडा, माझ्यापाशी तुम्हाला द्यायला काही नाही, असं तिचं म्हणणं. अर्पा रडत रडत परतली. रूथ मात्र हटली नाही. सासूचे लोक आणि सासूचा देव तिने आपले मानले. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मवाबी आणि इस्राएली यांचं जुनं वैर होतं. म्हणजे ती परक्यांत राहायला चालली होती, तेही नवऱ्याच्या आधाराशिवाय.

त्या बेथलेहेमला पोहोचल्या तेव्हा सातूची कापणी नुकतीच सुरू झाली होती. घरात दाणा नव्हता. इस्राएलच्या नियमशास्त्रात एक चांगला नियम होता: शेताच्या कडा पुरत्या कापायच्या नाहीत आणि खाली पडलेला सरवा गरीब, विधवा, परदेशी यांच्यासाठी ठेवायचा. रूथ स्वतःहून सरवा वेचायला गेली. अनोळखी गडीमाणसांत एकटी बाई, म्हणजे धोका होताच. ते शेत निघालं अलीमलेखाच्या नात्यातल्या बवाजचं. त्याने गड्यांना तिला त्रास न देण्याची ताकीद दिली, शिवाय पेंढ्यांतून मुद्दाम कणसं टाकायला सांगितलं. दुपारी तिला भाजलेले दाणे मिळाले. पोटभर खाऊन उरलेले तिने सासूसाठी बांधून नेले. सातूची कापणी संपली, गव्हाची संपली, तोवर ती रोज जात राहिली.

मग नामीच्या सांगण्यावरून रूथ एका रात्री खळ्यावर गेली आणि नात्याच्या रीतीप्रमाणे आपल्याला आधार द्यावा, अशी बवाजला विनंती केली. त्या काळी यात तिची अब्रू पणाला लागली होती. बवाजने तिचा मान राखला. त्याच्याहून जवळचा एक नातेवाईक होता. त्याने गावच्या वेशीत 10 वडीलधाऱ्यांसमोर आपला हक्क सोडला आणि बवाजने रूथशी लग्न केलं. त्यांना ओबेद नावाचा मुलगा झाला. त्याला मांडीवर घेऊन नामीने वाढवलं. पुढे इस्राएलचा प्रसिद्ध राजा झालेला दावीद हा ओबेदचा नातू. म्हणजे परदेशातून आलेली, सरवा वेचणारी ही सून राजाची पणजी ठरली!

ही गोष्ट सांगताना वाटेवरच्या त्या निर्णयापाशी थांबू नका. शब्द देणं एका क्षणाचं काम. तो पाळायला रूथला दोन कापण्यांचे दिवस उन्हात वाकावं लागलं. तिची निष्ठा त्या बांधून नेलेल्या दाण्यांत दिसते.

शेवटी मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: अर्पा चुकली का? ती तर सासूचं ऐकूनच परतली होती. मुलांना वाद घालू द्या, लगेच उत्तर सांगू नका. कुणी भाग पाडलं नसताना माणूस आपलं कर्तव्य स्वतःहून वाढवून घेतो म्हणजे काय, हे त्यांना त्या चर्चेतूनच उमगेल.