संगीत नाटकाचे जनक : अण्णासाहेब किर्लोस्कर

आमचे घर देवासचे, आजोळ धारचे. पवारांच्या या जुन्या संस्थानी गावांतील मराठी घरांतून ‘सौभद्रा’ची पदे अजून गुणगुणली जातात. ती रचणारा माणूस कानडी मुलखातला, हे तिकडे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. त्याच साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, आणि त्यामागेही कर्नाटकातील भागवत मंडळींच्या खेळांचीच प्रेरणा होती. अण्णासाहेब शिक्षणासाठी पुण्यास आले खरे; पण जीव रमला तो नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्यात. पुढे मास्तरकी झाली, पोलीस खाते झाले, शेवटी रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी. आम्हां कॉमर्सच्या मुलांच्या नशिबी असते तसलीच!

१८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा खेळ पाहिला. असे मराठीत का होऊ नये, या जिद्दीने कचेरी सांभाळून त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत उतरविले, तालमी घेतल्या, स्वतः तोंडाला रंगही लावला. भाव्यांच्या नाटकांत सगळ्यांची पदे सूत्रधारच म्हणे. अण्णासाहेबांनी ती ज्याची त्याच्या तोंडी घातली. शकुंतलेचे दुःख शकुंतलाच गाऊ लागली. साकी-दिंडीच्या जोडीला कर्नाटकी चालीही त्यांनी घेतल्या. म्हणून त्यांना एकाच भाषेच्या खात्यावर जमा करण्याचा खटाटोप मला पटत नाही. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचाही त्यांच्यावर तितकाच हक्क आहे.

नाटक पुरे होईपर्यंत थांबणे मात्र त्यांच्या स्वभावात नसावे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतला’चे पहिले चारच अंक झाले, उरलेले मागाहून. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्रा’चे तीन अंक झाले, संपूर्ण नाटक १८८३ मध्ये आले. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा त्यातच गाजली. १८८४ साली ‘रामराज्यवियोगा’चेही असेच तीन अंक रंगभूमीवर आले. पुढचे लिहून व्हायचे होते. २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, अण्णासाहेब वारले. मंडळी पुढे कितीतरी वर्षे चालली, देवलांची ‘शारदा’ तिनेच १८९९ मध्ये आणली. ‘रामराज्यवियोग’ मात्र तीन अंकांचेच राहिले.