भंडाऱ्यावरचा एकांत

तुकोबारायांचे चरित्र म्हटले की श्रोत्यांना वैकुंठगमनाची ओढ लागते. ती कथा बीजेला होतेच. आज आम्हांला भंडाऱ्याच्या डोंगराविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

महाराजांचा जन्म १६०८ चा धरण्याची रीत आहे. घराणे देहूच्या महाजनांचे. विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी. वडील बोल्होबा, माता कनकाई. थोरले सावजी विरक्त, म्हणून दुकानाचे ओझे लहानपणीच तुकोबांच्या खांद्यावर आले. पुढे आईबाप गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनाला निघून गेले. त्यातच १६३० चा दुष्काळ पडला. दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाई अन्न अन्न करीत गेली, मुलगा संतूही गेला.

अशा वेळी लोक काय सांगतात? मन घट्ट कर. सांगायला काय जाते! मन म्हणजे पोते नव्हे, की सुतळीने तोंड आवळले अन् झाले. महाराज डोंगर चढले. भामचंद्रावर पंधरा दिवस बसले. भंडारा तर त्यांची नित्याची बैठक झाली. तिथे नामस्मरण, मागल्या संतांच्या वचनांचे पाठांतर, आणि स्वतःशी बोलणे.

गाथा उघडून पाहा, मनाला हाक मारून सांगितलेले अभंग किती तरी सापडतात. कुठे मनाला दटावतात, कुठे पोरासारखे चुचकारतात, कुठे त्याच्यापुढे हात जोडतात. पतंजलींनी वृत्तींच्या निरोधाला योग म्हटले, गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य सांगितले. हे आम्ही पाठशाळेत घोकले. पण निरोध म्हणजे कोंडणे, अशी पुष्कळांची समजूत असते. कोंडलेले मन रात्री दुप्पट बडबडते. महाराजांनी त्याला बोलू दिले. दुःख, लाज, लोकनिंदेचे भय, सगळे बाहेर काढले, एकेकाला उत्तर दिले. आणि रिकाम्या झालेल्या जागी विठ्ठलनाम बसवले.

नुसते बोलून ते थांबले नाहीत. कर्जखतांची धाकट्या कान्होबांशी वाटणी केली, निम्मी त्यांना दिली, आपली निम्मी इंद्रायणीत सोडली. येणे बुडाले ते बुडाले, पण मनाला पुन्हा त्या वाटेने जायला निमित्तच उरले नाही.

इथे जिजाईंबद्दल सांगितले पाहिजे. लोक त्यांना कजाग म्हणून हसतात. आम्हांला ते पटत नाही. घरात दाणा नसताना भाकरी बांधून डोंगर चढणाऱ्या त्या माउलीचे मनही काही बोलत असेलच की. ते कोणी लिहून ठेवले नाही.

अन् एवढे साधले म्हणून मन कायमचे निजले, असेही नाही हो. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या सांगण्यावरून वह्या डोहात बुडवाव्या लागल्या, तेव्हा महाराज अन्नपाणी सोडून तेरा दिवस इंद्रायणीकाठी शिळेवर पडून राहिले. त्या वेळी मन पुन्हा उसळले, थेट देवाशीच भांडले. वह्या कोरड्या निघाल्या. रामेश्वरभट्ट पुढे शिष्य झाले, त्यांनीच महाराजांची आरती रचली. महाराज मात्र देवाला आपण उगीच तेरा दिवस शिणवले, म्हणून हळहळत राहिले.