मटकीतले प्रथिन आणि कमलाताई

नंदनवनातून पहाटे निघून शंभर किलोमीटर सायकल मारून आले की पहिली चौकशी प्रोटीनच्या डब्याची होते. कडधान्यांतल्या प्रथिनांचा हिशेब कमला सोहोनी यांनी कितीतरी आधी मांडला होता.

जन्म १९११, इंदूर. लेखिका दुर्गा भागवत यांची ही बहीण. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभराच्या अटीवर आत शिरल्या आणि दूध-डाळींच्या प्रथिनांवर काम केले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी., तीही अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर!

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक तपासले. हे घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. भिजवून नीट शिजवले की त्यांचा जोर ओसरतो. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्या गेल्या.

साठ किलोच्या सायकलपटूला दमछाकीनंतर एका वेळी सुमारे २० ग्रॅम प्रथिने पुरतात. अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅमच्या आसपास असतात, उरलेली वाटीभर शिजवलेल्या मटकीत. सोबत भात हवाच. डबा घ्यायचाच तर एका मापात प्रथिने किती आणि साखर किती, एवढे लेबलावर आधी वाचावे.