हकीम इब्न सीना : चाळीस वेळा वाचलेले पुस्तक



परीक्षा जवळ आली की शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक दृश्य हमखास दिसते. एखादा मुलगा पुस्तक हातात घेऊन उभा असतो. धडा दोनदा वाचला तरी कळला नाही, तेव्हा हा विषय आपल्या डोक्याचा नाही, असे तो खाली मान घालून सांगतो. असे सांगणारे मला पुष्कळ भेटले. त्यांतला एक मुलगा एवढ्याच समजुतीपायी दहावीच्या आधी शाळा सोडून कामाला लागला. तो मंदबुद्धीचा मुळीच नव्हता. त्याला थांबवायला मी कमी पडलो, ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही. त्याला जी हकीकत सांगायची राहून गेली, ती आज तुम्हाला सांगतो.

ही हकीकत आहे हकीम अबू अली इब्न सीना यांची. युरोपात त्यांना अविसेन्ना म्हणतात. आपल्याकडे युनानी दवाखान्याची पायरी चढलेल्या प्रत्येकाने त्यांचे नाव कधी ना कधी ऐकले असेल.

इब्न सीना यांचा जन्म इ. स. 980 च्या सुमारास बुखारा शहराजवळच्या अफशना नावाच्या गावी झाला. आज हा मुलूख उझबेकिस्तानात आहे. वडील अब्दुल्ला हे मूळचे बल्खचे. सामानी सुलतानांच्या पदरी ते एका परगण्याचा कारभार पाहत. आईचे नाव सितारा. पुढे हे कुटुंब बुखाऱ्यात येऊन राहिले आणि मुलाचे शिक्षण सुरू झाले. वयाच्या दहाव्या वर्षी कुराणशरीफ त्यांना मुखोद्गत होते आणि अरबी साहित्याचाही बराच अभ्यास झाला होता.

पालकांनो, या वडिलांकडे जरा लक्ष द्या. हिंदी अंकांनी हिशेब करण्याची पद्धत शिकावी म्हणून त्यांनी आपल्या मुलाला एका भाजीविक्याकडे पाठवले. आपण सरकारी अधिकारी, मुलगा भाजीवाल्यापुढे कसा बसवायचा, असा विचार त्यांनी केला नाही. जेथे इल्म असेल तेथून ते घ्यावे, एवढेच त्यांनी पाहिले. आपल्या हिंदुस्थानातून निघालेले अंक मध्य आशियातल्या एका मुलापर्यंत असे भाजीच्या दुकानातून पोहोचले.

पुढे नातिली नावाचे विद्वान घरी राहून शिकवू लागले. त्यांच्याजवळ इब्न सीना यांनी तर्कशास्त्राची सुरुवात केली. युक्लिडच्या भूमितीतली पहिली पाचसहा प्रमेये गुरुजींनी समजावून दिली आणि बाकीचे पुस्तक शिष्याने स्वतः सोडवले. टॉलेमीच्या खगोलशास्त्राच्या ग्रंथाबाबतही तसेच झाले. तो तू स्वतः वाच, सोडव आणि मग मला दाखव, असे गुरुजींनी सांगितले. मुलाला अभ्यासाशिवाय दुसऱ्या कशातही गुंतवू नका, असा सल्ला त्यांनी वडिलांना दिला आणि वडिलांनी तो मानला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तर नावाजलेले वैद्य या मुलाबरोबर वैद्यकाचे ग्रंथ वाचू लागले होते.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, ते अलौकिक बुद्धीचे होते, त्यांच्याशी आमची काय बरोबरी? थांबा. खरी गोष्ट पुढेच आहे.

यानंतरचे दीड वर्ष त्यांनी केवळ वाचनाला वाहिले. त्या काळात एकही रात्र ते पूर्ण झोपले नाहीत, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. पण ते वाचन पाने उलटण्याचे नव्हते. त्यांनी टिपणांचे गठ्ठे तयार केले होते. ग्रंथात एखादा सिद्धान्त आला की तो कोणत्या गृहीतांवर उभा आहे, ती कोणत्या क्रमाने मांडली आहेत आणि त्यांतून काय निष्पन्न होते, हे ते लिहून काढीत. एखादा प्रश्न अडला की मशिदीत जाऊन नमाज पढत आणि अल्लाहकडे मदत मागत. मग घरी येऊन दिव्याजवळ पुन्हा वाचायला बसत. डोळा लागला तर तेच प्रश्न स्वप्नात येत आणि पुष्कळदा त्यांची उकल झोपेतच होई.

अशा तयारीने त्यांनी ॲरिस्टॉटलचा तत्त्वज्ञानावरचा एक ग्रंथ हाती घेतला. अरबीत त्याला माबादुत्तबिया म्हणतात. सृष्टीच्या पलीकडचे, म्हणजे अस्तित्वाच्या मुळाशी असलेले प्रश्न त्यात आहेत. त्यांनी तो वाचला, कळला नाही. पुन्हा वाचला, तरी कळला नाही. असा चाळीस वेळा वाचला. अक्षर न् अक्षर पाठ झाले, पण ग्रंथकाराला काय म्हणायचे आहे ते उमगेना. शेवटी हे पुस्तक समजण्याचा मार्गच नाही, असे म्हणून ते निराश झाले.

इब्न सीना हे काही नम्रतेबद्दल प्रसिद्ध नव्हते. आपल्या बुद्धीचा त्यांना अभिमान होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. अशा माणसाने आपल्या आत्मचरित्रात ही कबुली लिहून ठेवावी, म्हणूनच ती मोलाची आहे.

एके दिवशी असरच्या वेळी ते पुस्तकविक्यांच्या बाजारातून जात होते. एक दलाल हातात पुस्तक घेऊन ओरडत होता. त्याने ते यांच्यापुढे धरले. यांनी वैतागून नको म्हटले, कारण ते त्याच नकोशा झालेल्या विषयावरचे होते. दलाल पाठ सोडीना. मालकाला पैशांची गरज आहे, पुस्तक स्वस्त आहे, तीन दिरहमला देतो, असे तो म्हणू लागला. अखेर त्यांनी ते विकत घेतले. ती अल्‌ फाराबी यांची छोटीशी पुस्तिका होती, ॲरिस्टॉटलच्या त्याच ग्रंथाचा हेतू समजावून सांगणारी. घरी जाऊन त्यांनी ती ताबडतोब वाचली आणि इतक्या दिवसांचे कोडे सुटले. त्यांना एवढा आनंद झाला, की दुसऱ्या दिवशी त्यांनी अल्लाहचे आभार मानून गोरगरिबांना पुष्कळ दानधर्म केला.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रसंगाचा अर्थ नीट लावा. फाराबींची पुस्तिका म्हणजे आजच्यासारखे गाइड होते आणि खरे काम त्या गाइडने केले, असे कोणी म्हणेल. पण तीच पुस्तिका त्या दिवशी बाजारात दुसऱ्या कोणी तीन दिरहमला घेतली असती, तर त्याच्यापुढे ते दार उघडले असते का? इब्न सीना यांना मूळ ग्रंथ पाठ होता. म्हणून किल्ली हाती येताच सगळी कुलुपे एकदम उघडली. ज्याच्या घरी कुलूपच नाही, त्याने किल्ली घेऊन काय करायचे? त्यांची चाळीस वाचने फुकट गेली नव्हती. ती त्या एका संध्याकाळची वाट पाहत होती.

यानंतर सुलतान नूह बिन मन्सूर आजारी पडले. उपचारासाठी तरुण इब्न सीना यांनाही बोलावले गेले. त्यांनी मागितले ते एवढेच, की राजग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मिळावी. तेथे अनेक दालने होती आणि दालनांत पुस्तकांच्या पेट्या रचलेल्या होत्या. एका दालनात अरबी भाषा आणि काव्य, दुसऱ्यात फिक्ह, अशी प्रत्येक विषयाला वेगळी खोली होती. त्यांनी यादी पाहून हवे ते ग्रंथ मागवले आणि वाचले. अठराव्या वर्षी हे अध्ययन पुरे झाले. तेव्हा विद्या जास्त पाठ होती, आता ती अधिक पिकली आहे, विद्या मात्र तीच आहे, अशा अर्थाचे त्यांनी पुढे सांगितले.

त्यांचे पुढचे आयुष्य धकाधकीचे गेले. वडील वारले आणि 999 साली सामानी राज्य बुडाले. गावोगाव भटकत ते जुरजान येथे आले. तेथे जुजजानी हे शिष्य भेटले, ते अखेरपर्यंत बरोबर राहिले. हमदान येथे ते वजीर झाले, पण सैन्याने बंड करून त्यांचे घर लुटले. दिवसा राज्यकारभार आणि रात्री घरी शिष्यांचा मेळावा, असा त्यांचा क्रम असे. पुढे एकदा लपून बसण्याची पाळी आली, तेव्हा शिफा या प्रचंड ग्रंथाचे मुख्य मुद्दे त्यांनी एकही पुस्तक जवळ नसताना दोन दिवसांत लिहून काढले. संगीतशास्त्रावरचा भागही या ग्रंथात आहे. नंतर चार महिने फरदजानच्या किल्ल्यात कैदेत काढावे लागले. तेथेही लेखणी थांबली नाही. जे सावकाश आत मुरवले होते, ते लुटारूंना नेता आले नाही.

इस्फहानच्या दरबारातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथे अबू मन्सूर नावाच्या भाषापंडिताने त्यांना सुनावले, की तुम्ही तत्त्वज्ञ आहात, भाषा हा तुमचा प्रांत नव्हे. इब्न सीना यांनी भांडण केले नाही. तीन वर्षे भाषाशास्त्राचा अभ्यास केला, त्यासाठी खुरासानातून ग्रंथ मागवले. मग दुर्मीळ शब्दांनी भरलेल्या कविता आणि पत्रे लिहून ती जुनाट दिसेल अशा चामड्यात बांधून घेतली. हे बाड शिकारीत सापडले, यात काय आहे ते सांगा, असे म्हणून अमिरांनी ते त्या पंडितापुढे ठेवले. तो गोंधळला. प्रत्येक शब्द कोणत्या ग्रंथात आहे ते इब्न सीना सांगू लागले, तेव्हा सारा प्रकार त्याच्या लक्षात आला आणि त्याने माफी मागितली. एका टोमण्याचे उत्तर द्यायला तीन वर्षे घेणारी माणसे फार थोडी!

हेच इब्न सीना पुढे नवे पुस्तक हाती आले की क्रमाने वाचीत नसत, सरळ अवघड जागा गाठून ग्रंथकाराची पारख करीत, असे जुजजानींनी नोंदवले आहे. विद्यार्थी मित्रांनो, एवढेच उचलून आपण पाने गाळू नका. ती सवलत चाळीस वाचनांनंतर मिळाली होती.

1037 साली, रमजानच्या महिन्यात, हमदान येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. त्यांच्या कानून या पाच भागांच्या वैद्यकग्रंथाचे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपच्या विद्यापीठांत तो सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात होता.

पालकांनो, मूल एकाच पानावर बराच वेळ बसले तर ते मागे पडले, असे समजू नका. त्याला किती पाने झाली हे विचारण्याऐवजी काय अडले ते विचारा. एखादी गझल ते पुन्हापुन्हा ऐकत असेल, एखादे चित्र न्याहाळत असेल, तर तेही शिकणेच आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, दोनदा वाचून धडा कळला नाही तर शाळेच्या दाराकडे पाहू नका. पुस्तक घेऊन आमच्या खोलीच्या दारात या. तुमची अजून अडतीस वाचने शिल्लक आहेत.