राजदरबाराबाहेरचा गंधर्व

कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या एका लहानशा संस्थानाचे गाव. तेथील कीर्तनकार दिगंबर गोपाळ पलुसकर यांच्या घरी १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णूचा जन्म झाला. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका उडून त्याचा चेहरा भाजला आणि दृष्टी कायमची अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट बंद झाली. उपचारासाठी मिरजेस गेलेल्या या मुलाला तेथेच पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू लाभले.

मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाखाली विष्णुबुवांनी ग्वाल्हेर गायकीची कठोर तालीम घेतली. मात्र दरबारात गाण्याला वाहवा असली, तरी गवयाला समाजात प्रतिष्ठा नव्हती. गायन हे कुलीनांचे काम नव्हे, अशीच सर्वसाधारण समजूत होती. ही सल मनात घेऊन १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर जलसा करण्याचे धाडस त्यांनी केले. एखाद्या धनिकाच्या मर्जीवर विसंबण्याऐवजी सामान्य श्रोत्याच्या चार आण्यांवर कला उभी राहू शकते, हा विश्वास त्यातून दृढ झाला.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. कोणा एका संस्थानिकाच्या खजिन्यावर नव्हे, तर शुल्क, देणग्या आणि जलशांचे उत्पन्न यांवर चालणारी ही संस्था होती. ठरावीक अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या आल्या. घरंदाज कुटुंबांतील मुलामुलींसाठी संगीताचे दार उघडले. होतकरू, गरीब शिष्यांना पंडितजी जवळ ठेवून घेत आणि अनेक वर्षांच्या शिक्षणानंतर 'उपदेशक' म्हणून गावोगावी धाडत. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि स्वतःच्याच छापखान्यात क्रमिक पुस्तके छापली. गुरूच्या कंठात बंदिस्त असलेली विद्या अशी कागदावर आली. पुढे पं. भातखंडे यांची सुटसुटीत लिपीच अधिक रूढ झाली. शृंगारिक पदांच्या जागी भक्तिपर शब्द घालण्याचा पलुसकरांचा आग्रहही सर्वांना रुचला नाही.

१९०८ मध्ये मुंबईत संस्थेची शाखा निघाली. तिच्यासाठी त्यांनी कर्ज काढून प्रशस्त इमारत बांधली. कर्जफेडीसाठी देशभर जलसे केले, पण ते फिटले नाही आणि अखेर वास्तूचा लिलाव झाला. आयुष्यभराची कमाई डोळ्यांदेखत गेली. पंडितजी नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

इमारत गेली, संस्था मात्र गेली नाही. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढले. पं. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर यांनी आपापल्या क्षेत्रांत हीच परंपरा वाढवली. पुत्र दत्तात्रेय यांचे गाणे तर ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचले. आज मध्यमवर्गीय घरातील मूल निःसंकोचपणे गाण्याच्या परीक्षेला बसते. कुरुंदवाडच्या या सुपुत्राचे खरे स्मारक तेच आहे.