होमी भाभा, पॉझिट्रॉन आणि आत्याचा प्रश्न

मी मूळचा रत्नागिरीचा, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. गणपतीत घरी गेलो तेव्हा आत्याच्या कवटीच्या तळाशी असलेल्या गाठीसाठी डॉक्टरांनी खारघरला प्रोटॉन उपचाराची चौकशी करायला सांगितलं होतं. आत गेलेला किरण नेमका कुठे थांबला हे बाहेरून कसं कळतं, असं तिने मला विचारलं. उत्तर शोधता शोधता मी होमी भाभांपाशी पोचलो.

भाभा ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत जन्मले. मुलाने इंजिनियर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात जावं अशी घरच्यांची इच्छा. म्हणून १९२७ मध्ये ते केंब्रिजला मेकॅनिकल शिकायला गेले. ती परीक्षा पहिल्या वर्गात पास केली आणि मगच आवडत्या भौतिकशास्त्राकडे वळले. मधल्या काळात, १९३१ मध्ये, त्यांच्या आत्या मेहरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या.

१९३२ मध्ये पॉझिट्रॉन, म्हणजे धन विद्युतभाराचा इलेक्ट्रॉन, सापडला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर काय होतं, याचं गणित पंचविशीतल्या भाभांनी मांडलं. दोघं नष्ट होऊन पुन्हा जन्मतात, ही शक्यताही त्यात धरली. आज त्याला भाभा स्कॅटरिंग म्हणतात.

आता आत्याचा प्रश्न. प्रोटॉन थांबण्याआधी शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये सगळ्यात दाटपणे ऊर्जा सोडतो. वाटेत तो शरीरातल्या काही कार्बन आणि ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांचे तुकडे करतो. त्यातून पॉझिट्रॉन सोडणारे अणू तयार होतात. पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघं नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना निघतात. दोन्ही बाजूंच्या डिटेक्टरनी ते पकडले की किरणाची वाट दिसते. जर्मनीत डार्मस्टाटला १९९७ पासून कार्बन किरणांच्या उपचारात हे करून पाहिलं गेलं. अडचण वेळेची आहे: ऑक्सिजन-१५ दोन मिनिटांत निम्मा होतो, आणि रक्त बाकीचे अणू वाहून नेतं. म्हणून चित्र तिथल्या तिथे घ्यावं लागतं, तेही थोड्याशा सिग्नलवरून.

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टीआयएफआर उभी केली. कॅन्सरच्या उपचारात किरणांचं महत्त्व वाढणार हे ओळखून त्यांनी १९६२ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आणलं. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात ते गेले. त्याच टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन उपचार मिळतात.

आत्याला मी खरं तेच सांगितलं. किरण थांबताना पाहणं अजून बहुतेक ठिकाणी रोजच्या वापरात नाही. आधी स्कॅनवरून हिशेब करतात, दर वेळी एक्स-रेने पेशंटची जागा तपासतात आणि गाठीभोवती थोडी जास्तीची कड धरतात. चित्र जितकं अचूक होईल, तितकी ती कड कमी होईल आणि तितका चांगला मेंदू वाचेल.

तिने मान डोलावली. मग मी मांडवी एक्सप्रेसची पनवेलपर्यंतची दोन तिकिटं काढली.